ठराव क्रमांक सात

शुक्रवार पेठेतला आमचा कट्टा पाडायचं
कट्ट्यावरच बसून ठरलं.

हिंदुराव म्हणाले, पोरांना गाड्या लावायला जागा नाही.
कुठली पोरं, कुणी विचारलं नाही.
शौकत बागवानला वाटलं, हिंदुरावांच्या मनातच आहे.
मी बघितलं, शौकत मान हलवतोय.
दिनकर मिस्त्री गप्प,
म्हणजे होच म्हणायचं.
तेवढ्यात चहा आला.
ठराव माझ्या अक्षरात आहे,
'सर्वानुमते' खाली दोन रेघा मारून.

मंगळवारी पहिला घाव दिनकरनंच घातला.
दगड जुना, बसून बसून गुळगुळीत झालेला.
चार वेळा घण मागं उडाला,
चारी वेळा त्यानं आमच्याकडं बघितलं,
आम्ही एकमेकांकडं.

आता तिथं पांढरे पट्टे आहेत. गाडी एकही नाही.
रात्री जेवून आम्ही चौघं येतो, सवयीनं,
आणि पट्ट्यांच्या आत उभे राहतो,
एकदा या गुडघ्यावर भार, एकदा त्या.

परवा हिंदुराव हळूच बोलले,
"मला वाटलं, तुमालाच पायजे हुतं."

शौकतनं चपलेनं पट्टा जरा खरवडला.
रंग पक्का निघाला.

बसायला काही असतं
तर बोललोही असतो कदाचित.