वाढीव वॉरंटी

राजारामपुरी, सातवी गल्ली.
काउंटरवरचा अभिनंदन मगदूम म्हणाला,
"काका, साडेतीन हजारांत तीन वर्षं बिनघोर."
भरले.

तेव्हापासून घोर.
कान लावून बसतो,
पंखा जरा घरघरला की बरं वाटतं,
पैसे वसूल व्हायचं लक्षण.
पण कुठलं काय!
पुराच्या साली पंचगंगा
जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागली,
मशीन माळ्यावर, कोरडंठाक.
तसंही बारीक अक्षरांत
पाणी वगळलेलंच होतं.

काल मुदत संपली.
शालन म्हणाली, "काही बिघडलं नाही,
हे काय थोडं झालं व्हय?"
खरं आहे.

तरी रात्री उठून
एकदा चालू करून बघितलं:
निळा उजेड, निरोगी,
साडेतीन हजारांचा.