शेवटची होडी

हात धरायचा नाही, मनगट धरायचं.
हात धरलास तर ओला हातमोजा तुझ्याकडे राहील
आणि माणूस पाण्यात,
असं म्हातारा एफ्रेम म्हणाला होता पहिल्या दिवशी.
तेव्हापासून सतरा उन्हाळे
स्टॅन्लीच्या धक्क्यावर मी मनगटं धरतोय.

जहाज आत येत नाही. खाडीचं तोंड अरुंद.
बाहेरच नांगर टाकून उभं राहतं,
आमच्या चर्चहून उंच,
गावाहून जास्त वस्तीचं.
मग त्याच्या कुशीवरून नारिंगी होड्या खाली सुटतात,
बुडताना जीव वाचवायला टांगलेल्या.
रोज कोण बुडतंय?
तोवर माणसं आणतात, पेंग्विन दाखवायला.

होडी धक्क्याला लागते आणि लागत नाही.
मधे काळं पाणी,
कधी वीतभर, कधी हातभर, पुन्हा वीतभर.
ते बघताना ज्याचं त्याचं वय चेहऱ्यावर येतं.
मी म्हणतो, थांबा.
थांबा.
आता.

घड्याळाची मनगटं, मण्यांची, प्लास्टरमधली,
एकावर बाईचं नाव गोंदलेलं, खोडलेलं.
एका बोटीत दीडशे. चेहरे मला आठवत नाहीत,
नाडी कुणाची पळत होती ते आठवतं.

त्या जानेवारीत दुपारी दोनला वारा फिरला.
आधी टपरीवरचा झेंडा, मग मेंढ्या, मग रेडिओ:
होड्या बंद. पुढची सूचना मिळेपर्यंत बंद.
धक्क्यावर चारशे माणसं,
हातात पोस्टकार्डं, लोकरीचे मोजे,
आणि बघतायत माझ्याकडे,
जणू वारा माझ्या खिशात आहे.

शाळेची जिम उघडली, चर्चचा हॉल उघडला,
आणि कुणी न सांगता घरंही.
मोराग फोनवर म्हणाली, दोघांना आण.
मला एकच मिळाला.
आलोइस, लिंत्सचा,
चाळीस वर्षं ट्राम चालवलेला,
बूट दाराबाहेर काढून, बोटं जुळवून ठेवणारा.

आमच्याकडे मटणाला तीनशे पासष्ट म्हणतात, रोज तेच म्हणून.
त्याने दोनदा घेतलं. बोलला नाही.
दहाला एकदाचा अंधार पडला
तेव्हा उठून खिडकीशी गेला.
टेकडीवरून आमच्या घरातनं कड्यापलीकडचं दिसतं:
जहाज,
पेटलेलं, हजार खिडक्यांचं.
नववा मजला, म्हणाला, आणि काचेवर बोट ठेवून मोजू लागला.
सतरा, अठरा...
नाही. पुन्हा.

गेरलिंडे उतरलीच नव्हती.
दाराशी आली होती सकाळी,
मधलं ते पाणी बघितलं, म्हणाली,
तू जा. मला सांग कसं होतं ते.

मग त्याने विचारलं, दिव्याला हात लावू का?
मी हो म्हटलं.
बंद. चालू. बंद.
मोराग बेसिनशी ताट हातात धरून अंधारात उभी,
साबणाचा फेस कोपरापर्यंत,
काही न विचारता.
चालू.
बाहेर वारा पत्र्याला उचकटत होता.
बंद.
तिकडे कुठे काही लुकलुकलं का, देव जाणे,
हजारात एक खिडकी
आणि माझे डोळे पन्नाशीचे.

तीच, तो म्हणाला.

हो, मी म्हटलं. तीच.

पहाटे साडेपाचला पाणी निवळलं, अगदी नाही, पण पुरेसं.
रांगेत तो पहिला.
मी त्याचं मनगट धरलं. नाडी संथ होती,
डेपोतून निघालेल्या गाडीसारखी.
थांबा, म्हटलं.
थांबा...

माझ्या आधीच त्याने पाय टाकला.