अकरा मिनिटं

रात्रीचे दोन चाळीस. पुंता अरेनासमध्ये
वारा ताशी एकशे दहा.
चौकात नगरपालिकेनं दोऱ्या बांधल्यात,
दिवसभर माणसं त्या धरून रस्ता ओलांडत होती.
पोर्वेनीरची फेरीबोट काल सकाळपासून
धक्क्याला चिकटून बसलीय, रुसलेल्या पोरासारखी.

मी आत, तिसऱ्या मजल्यावर, स्वेटरवर स्वेटर.
पडद्यावर दोनशे सहा राउटर,
ज्यांना ना पत्रा, ना स्क्रू, ना वजन.
दोन-तीन लोखंडी पेट्यांच्या पोटात
एकमेकांना खेटून राहतात.
जागा कमी पडली की एखादा उठतो,
शेजारच्या पेटीत जाऊन बसतो,
आणि वाटेत त्याच्या हातातलं दूध हिंदकळत नाही.

यांच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आज बदलायचं.
जुनं सात वर्षांचं. त्याला सारं हिरवंच दिसायचं.
जुलैत अर्ध्या शहराचं नेटवर्क बसलं
तेव्हाही ते हिरवंच होतं.
खोटं बोलत नव्हतं बिचारं,
शेवटचं पाहिलेलं सोडवत नव्हतं, इतकंच.

ओयार्सो फोनवर. मागे किटलीचा आवाज.
"बॅकअप घेतलास, यास्ना?"
घेतला.
"उघडून पाहिलास?"
तो ओरडत नाही. तेच जास्त लागतं.
उघडून पाहिला.

मग जुन्याला थांबवलं.
आठवडाभर याचीच धास्ती होती:
एक पहारेकरी काठी खाली ठेवतो,
दुसरा अजून बुटांच्या नाड्या बांधतोय,
आणि दाराशी कोणी नाही.

त्या वेळात इस्पितळातला एखादा एक्स-रे
सांतियागोच्या डॉक्टरकडे पोचला असेल.
कोणी आईशी बोलत असताना
वाक्याच्या मध्यात तुटलं असेल.
किंवा नसेल.
मला कळायला मार्ग नव्हता.
खिडकीबाहेर ते झाड, जन्मभर पूर्वेकडे वाकलेलं,
तसंच वाकलेलं. त्याला कुणी बघावं लागत नाही.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकलं.
अठ्ठ्याण्णव.
अठ्ठ्याण्णव.
ओयार्सोनं नळीतून माते ओढल्याचं ऐकू आलं.
"हात लावू नकोस," म्हणाला. "नुसती बस."

मग एकेक दिवा लागत गेला.
दोनशे चार. दोनशे पाच. दोनशे सहा.
दोनशे सात.

दोनशे सात?

नाव फारो, म्हणजे दीपगृह. बाकी रकाने कोरे.
सहा वर्षं चालू, एकदाही कुणाच्या यादीत नाही.
ओयार्सो बराच वेळ गप्प.
"द्रागोचं काम," म्हणाला शेवटी.
द्रागो कुर्तोविच माझ्याआधी या खुर्चीवर बसायचा.
जाताना सगळ्या किल्ल्या मोजून देऊन गेला म्हणतात.

मी आत डोकावले. अगदी बारीक धार,
दर मिनिटाला चिमूटभर:
सामुद्रधुनीपलीकडच्या एका ओसाड दीपगृहावरून
वाऱ्याचा वेग. दिशा.
वेग. दिशा.
जातो कुठे? फेरीबोटीच्या तिकीटघरातल्या जुनाट संगणकाला.
काउंटरवरची बाई त्यात बघून ठरवते
खिडकी उघडायची की पाटी लावायची.
काल तिनं पाटी लावली होती.

नवं सॉफ्टवेअर त्याला लाल दाखवतं. अनोळखी.
काढून टाकू का, विचारतं, अदबीनं,
दोन बटणं पुढे करून.

मालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.
दुसरं कुणाचं लिहिणार?
तो हिरवा झाला,
आणि खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं.
कुणाची नजर नव्हती, म्हणून नजर लागलीही नव्हती.
आता दर तीस सेकंदांनी मी त्याला विचारत राहणार:
आहेस ना? आहेस ना?

आलेखावर अकरा मिनिटांची पांढरी फट उरलीय.
अहवालात 'नियोजित' लिही, ओयार्सो म्हणाला.
लिहिलं.

चारला बाहेर पडले. चौकात दोरी धरली,
ओली, बर्फासारखी गार.
पुढे अंधारात कोणीतरी तीच धरून चाललं होतं.
दिसत नव्हतं.
हाताला ओढ लागत होती फक्त.