शून्य ते दहा

तुझ्ला गावात, मिठाच्या कारखान्यामागच्या दवाखान्यात
सेल्वेता नावाची मुलगी मला विचारते:
शून्य ते दहा, किती आराम वाटतो?
मांडीवर कागद, हातात पेन,
आणि तिचे दोन पाय एकमेकांवर टाकलेले,
विसरून गेल्यासारखे.

कुठल्या वेळचं विचारतेस, पोरी?
सकाळी सहाला लायनर चढवतो
तेव्हा सिलिकॉन गार लागतं, नुकत्याच धरलेल्या माशासारखं.
मग खालची पिन भोकात, मग उभं राहून भार.
खट्. खट्. खट्.
तीनदा वाजलं की पाय माझा.
दोनदाच वाजलं तर दिवसभर
मी कुणा परक्याला सोबत घेऊन चालतो.

सकाळी सात लिही.
दुपारी खुंट आक्रसतो.
माणूस वर्षावर्षानं उतरतो, हा तासातासानं.
म्हणून खिशात मोजे: एकपदरी, तीनपदरी,
बाजाराच्या दिवशी पाचपदरी.
भर चौकात बाकावर बसून पाय काढतो, मोजा वाढवतो.
कबुतरं बघतात. माणसं बघत नाहीत,
अगदी ठरवून बघत नाहीत.

युद्धानंतरचा पहिला पाय कमरेच्या पट्ट्यावर होता.
चामडं, बक्कल, कमरेभोवती लाल वळ.
पण अंधारात मिनिटभरात चढायचा,
आणि त्या दिवसांत तेवढंच हवं होतं.
त्याला आकडा देऊ नकोस. तो माळ्यावर झोपलाय.

दुसरा हवेवर धरायचा, झडपेचा.
रिफेतच्या दफनाला सगळे मान खाली घालून उभे,
मी वजन बदललं,
आणि माझ्या पायानं, माफ कर, वारा सोडला.
मागच्या रांगेत कुणीतरी खोकून हसू लपवलं.
रिफेत असता तर लपवलं नसतं.
बसायला तीन. सोबतीला दहा.

आता साराजेवोचे डॉक्टर म्हणतात, हाडातच दांडा बसवू,
खोबण नको, घाम नको, मोजे नकोत,
खडी पायाखाली आली की हाडाला कळेल.
मी विचारलं, आणि खारट तळ्यात उतरता येईल?
ते जरा वेळ गप्प बसले.
उन्हाळ्यात मी काठावर पाय काढून ठेवतो,
नातू मिर्नेस तो वाळूत उभा धरून
पहारा देतो, बूट घातलेला पाय,
कुणी न्यायला नको म्हणून.
मी पाण्यात शिरतो आणि मीठ मला उचलून धरतं.
ही पद्धत तुझ्या यादीत आहे का?

नाही, ती म्हणते.
आणि जो अंगठा आलुबुखारांच्या बागेत राहिला,
त्याला रात्री खाज येते, त्याचा रकाना?
तोही नाही.
रात्री लायनर धुऊन मी चटणीच्या रिकाम्या बरणीवर
उलटा वाळत घालतो. त्याच्या शेजारी झोपतो.
एवढं वाक्य तिनं समासात लिहून घेतलं.

एकच आकडा हवाय, काका.
मी तिच्या बुटांकडे बघितलं.
नवे, काळे, टोकाला अरुंद.
तुझ्या उजव्या बुटाला किती?
ती हसली, मग थांबली,
टेबलाखाली हळूच टाच बाहेर काढली.
फोड आला होता, फुटायच्या बेतात.
चार, ती म्हणाली. नाही, तीन.
पहिलाच आठवडा आहे नोकरीचा.

मी खिशात हात घातला.
एकपदरी, धुतलेला.
थोडा मोठा होईल.