करकरत्या चपला

तांदळाच्या पिंपात हात घातला, कोपरापर्यंत.
तेवीस तारीख. पोरं चर्चमध्ये, गाण्यांच्या तालमीला.
आधी लागली नवोमीची रंगपेटी,
मग इमूचा ट्रक.
दोन्ही जागच्या जागी.
फक्त ट्रकच्या पोटावरची किमतीची चिठ्ठी,
लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं डकवलेली,
मी काढायची विसरलेली,
कुणीतरी नखानं खरवडली होती.
थुंकी लावून चोळली होती.
शेवटचं एक शून्य तेवढं हटून बसलेलं.

तिथंच बसले फरशीवर, ओटीत तांदूळ सांडून.

म्हणजे म्हणून म्हणाली होती का परवा,
"आई, आता रोज भात मीच लावणार"?
आणि मी शेजारच्या सुभद्राकाकूंना सांगत सुटले,
पोरगी कामाची झाली!
पिंपाला राखण बसली होती ती.

ते शून्यही निघालं असतं माझ्या नखानं.
पण मग तिला कळलं असतं, मला कळलंय.
ट्रक परत पुरला.

आमच्या घरी सांताक्लॉज चपला घालतो.
चार वर्षांची असताना हिनंच विचारलं होतं,
"पप्पा, त्याला बूट असतात ना?"
शांतवन म्हणाला, "तिकडं थंडीत असतील.
कोल्हापुरात आला की तोही जोड घेतो. कोण घेत नाही?"
त्या रात्री पापाच्या तिकटीवरनं आणलेल्या नव्या चपला घालून
यानं अंगणात तीन फेऱ्या मारल्या. कर्र. कर्र.
तेव्हापासून दर नाताळला तोच आवाज.
बर्फाचंही असंच भागवलेलं:
हंगामात कारखान्याची काजळी उतरते वाळत्या चादरींवर,
इमू ती बोटावर घेतो नि म्हणतो, आमचा बर्फ काळा.

यंदा शांतवनला रात्रपाळी.
गाळप थांबत नाही कुणाच्या जन्मासाठी.
बूट चढवून सायकलवर टांग टाकताना म्हणाला,
"फेऱ्या तू मार."
बाराला उठायचं ठरवून आडवी झाले,
दिवसभर करंज्या तळलेल्या,
डोळा लागला.

कर्र.

मग बराच वेळ काहीच नाही.
मग फरफट. मग पुन्हा कर्र.
चप्पल मोठी, पाऊल लहान.
वळणावर तुळईला धडकल्यासारखं काही,
आणि दाबून धरलेलं "आई गं."

पलीकडची गोधडी चपटी.
अलीकडं इमू, टक्क जागा,
माझं मनगट आवळून: "आला."

खिडकी दोन हातांवर होती. गेले नाही.
इतकी वर्षं पोरांना जे सांगितलं
ते स्वतःलाच सांगितलं,
डोळे मिट, बघितलं की जातो.
आणि मिटले.

पहाटे, इमू उठायच्या आत,
पिंपापासून उशापर्यंत सांडलेले तांदूळ
झाडून घेतले. ओंजळभर तरी होते.

"तायडे, तू ऐकलीस?"
"ऐकलो की. म्हातारा झालाय बघ,
पाय ओढत होता."

शांतवन आठाला आला, अंगाला मळीचा वास.
दारात वाकून चपला उचलल्या.
अंगठ्यात कापूस कोंबलेला,
गव्हाणीवरच्या ढगाचा.
"हे कुणी गं..."
"चहा निवतोय," मी म्हटलं.

नवोमीनं रंगपेटी उघडून आ वासला होता,
जरा जास्तच.
मग इमूच्या शेजारी बसून
त्याला ट्रक उलटा करून चाकं दाखवत होती,
उरलेल्या शून्यावर
अंगठा ठेवून.