बावन्न फूट

दुकानदारानं रंगांचं कार्ड दिलं होतं.
कुशावर्तानं ते दोन दिवस उशाखाली ठेवलं,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, देऊन टाका परत,
यात आपल्या माळाचा एकबी रंग नाही.

घर नवं. दोन खोल्या, सिमेंटच्या विटा, वर पत्रा.
भूमच्या पुढं, गावाच्या वरच्या अंगाला,
जिथं बाभूळसुद्धा वाऱ्याकडं पाठ करून वाढते.
आतून राखाडी,
एसटी स्टँडच्या मुतारीसारखं.
हे तिचे शब्द, माझे नाहीत.

मी यारीवाला. दुसऱ्यांच्या सत्तावीस विहिरी खोदल्या,
एकोणीस लागल्या.
माझी मात्र बावन्न फुटांवर कोरडी.
वरून खडा टाकला की टक्‌ असा आवाज यायचा.
तो ऐकायला नको म्हणून मी त्या बाजूनं जाणं सोडलं.
कडेला मातीचा ढीग तसाच.
शेळ्या त्यावर चढून
मामलेदारासारख्या चौफेर बघायच्या.

त्या ढिगाला तिनं हात घातला.
उन्हं कलल्यावर, टोपलं घेऊन, ऋतुजाला घेऊन.
काय नेतेस, मी म्हणालो.
तुम्हीच काढलेलं, ती म्हणाली.

मग मला सांगावं लागलं
कुठला थर किती खोलावर निघाला.
वर काळी, दोन हात.
तिच्याखाली पांढरी, जिभेला खारट.
मग पिवळा मुरूम, कुदळीला शहाण्यासारखा सुटणारा.
मग मांजऱ्या, नुसता हट्टी,
पोटात गारा घेऊन बसलेला.
आणि एकेचाळीस फुटांवर ती तांबडी पट्टी,
हातभर जाड, कच्च्या काळजाच्या रंगाची.
ती लागली तेव्हा मी खालून ओरडलो होतो,
सोडा रे दोर, आता पाणी!
पुढं अकरा फूट नुसता काळा पाषाण.
हे बोलताना लक्षात आलं,
मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

तांबडी तिनं पाट्यावर वाटली, ओढणीतून गाळली.
चिंचोके भाजून, सोलून, शिजवून खळ केली.
पांढरीत फड्या निवडुंगाचा बुळबुळीत रस,
त्यासाठी दोघींचे हात चार दिवस काट्यांनी भरलेले.
पहिला हात पोपडे धरून सगळा खाली आला.
जैतुनबी दारात उभी राहून म्हणाली,
शेण कम पड्या, और भुसा डाल थोडा.
कुशावर्ता आधी रडली, मग भुसा आणायला गेली.

आता खिडकीला तुराट्यांची जाळी आहे.
दुपारी भुईवर उन्हाच्या रेघा पडतात,
मांजर त्या पकडायला बघतं.
कोनाड्यात मांजऱ्याच्या गारा,
दिवा लावला की त्यांच्यात कुणीतरी जागं होतं.
वाळल्या भोपळ्यात मीठ. तरवडाची फुलं एका डब्यात,
ती मात्र दुसऱ्याच दिवशी मान टाकतात,
तरी ऋतुजा रोज नवी आणते.

आणि पश्चिमेची भिंत.
तिथं तिनं सगळे थर लावले, वरून खाली,
मी सांगितले त्याच क्रमानं.
पत्र्याखाली काळी, मग पांढरी, मग पिवळा,
मांजऱ्याची करडी, खाटेच्या वर तांबडी,
खाली कोळशाच्या पुडीनं पाषाण.
रात्री आडवा झालो की मी तळाशीच असतो,
फक्त दोर नाही
आणि वरून कुणी हाका मारत नाही.

भुईलगत वीतभर पट्टी तिनं कोरीच ठेवली.
रंग संपला का?
नाही, म्हणाली, त्याच्याखालचं आपल्याला कुठं ठाऊक आहे.

मी तिच्याकडं बघितलं.
ती हाताला लागलेली तांबडी
काडीनं नखांतून काढत होती.

पत्रा तापला की मी तिथंच पाठ टेकून बसतो.
सिमेंट आहे नुसतं.
पण गार लागतं.