सतरावी ओळ

टोलेडोत, जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी,
पार्किंगमधलं मीठ बुटांना चिकटवून मी वर येते,
हीटर लावते, तक्ता उघडते,
तीनच्या खाली कोण कोण ते गाळून घेते.
दरवर्षी तीसेक नावं गाळणीत राहतात
चहाच्या चोथ्यासारखी.

सतराव्या ओळीत दुसाने, कौमुदी. २.८९.
आडनाव वाचलं आणि ओठ आपोआप नीट हलले.
बाकीच्यांना मी अंदाजाने हाक मारते.

पत्र तयारच असतं, फक्त नाव बदलायचं.
'आपण सध्या गुड स्टँडिंगमध्ये नाही.'
एकवीस वर्षं हे वाक्य पाठवतेय,
मनातल्या मनात मराठीत करून बघते, जमत नाही.
सुस्थिती? तो धरणाच्या अहवालातला शब्द.
पत? ती सोसायटीची, दोन जामीनदारांसकट.
वाईला आमच्या शाळेत
उभं राहणं हीच शिक्षा होती.
पाढा चुकला की बाकावर.
वरून सगळ्यांचे भांग दिसायचे,
खिडकीतून कुंभाराचं गाढव,
आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या तासापर्यंत मजा यायची.
इथे कुणी बाकावर चढवत नाही.
पायाखालचा बाक तेवढा हळूच काढून घेतात
आणि खाली लिहितात, शुभेच्छांसह.

गुरुवारी ती आली. दारावर पाटी, व्ही. नोवाक.
मॅम, मॅम करत उभीच.
माझ्या तोंडून निसटलं, "बस गं."
ती पाटीकडे बघते, माझ्याकडे बघते.
रडेल म्हणून टिश्यूचा खोका सरकवला,
तर तिने एक काढून चश्मा पुसला.

"फॉर्मवर कारण विचारलंय, तीन ओळी.
कारण काही नाहीये हो.
घरी कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही.
रात्री कँटीनमध्ये भांडी घासते, पण ती सगळेच घासतात.
विषय डोक्यात शिरला नाही. मीच शिरू दिला नाही.
आता तीन ओळी कशाने भरू?"

मग पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
सी प्लस, बी, बी प्लस, मिळून ८.६६.
पुढच्या सत्रात दोन बी आणि एक बी प्लस आले तर?
तिने भागाकार केला. २.९९८.
"म्हणजे तीनच ना?"
नाही. कॉम्प्युटर पुढच्या आकड्याला हात देत नाही.
आपल्याकडे कुणीतरी असायचं,
कुठल्याशा खोलीत, लाल पेन घेऊन,
तेहतिसाचे पस्तीस करणारं, नाव न सांगणारं.
"दोन बी प्लस लागतील," मी म्हटलं, "एक बी चालेल."
"एटीकेटीच की ही," ती म्हणाली, "फक्त सुटाबुटातली."
आणि पहिल्यांदा हसली.

निघताना सहज विचारलं तिने,
"तुमचं मास्टर्स कशात?"
मी स्टेपलर शोधत राहिले.
माझं ३.७१ होतं. एकदाही पत्र आलं नाही.
एक सत्र रजा, बाळ लहान म्हणून,
मग आणखी एक, मग नोवाकची नोकरी गेली,
आणि सहा वर्षांची मुदत
गुड स्टँडिंगमध्येच, उभ्या उभ्या संपली.
"झूऑलॉजीत," मी म्हटलं. तेवढं खोटं नव्हतं.

कारणाच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती.
वाचायची असते. न वाचताच शिक्का मारला.

खाली बसस्टॉपवर ती दिसली,
बाकावर वीतभर बर्फ, म्हणून उभी,
एका हाताने टोपी धरून.

तीन वाजता अठरावी ओळ येणार होती.
ते नाव तीनदा म्हणून बघितलं,
तिन्ही वेळा वेगळं आलं.